श्वास सगळ्यांचे वीस

प्रश्न असा आला आहे: "वय ३१. सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दर रविवारी चर्चला जातो, तरुण संघात गिटार वाजवतो. पण सोमवार ते शनिवार माझ्यात आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसात काही फरक नसतो. न मोजलेले रीडिंग रिपोर्टवर टाकतो. घरी चिडतो. बायको हिंदू घरातली, सासुरवाडीला गेलो की प्रसादाचा प्रश्न येतो. प्रार्थनेला बसलो की आत काही हलत नाही. विश्वास खरेपणाने जगायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं? सिस्टर, तुम्ही ३४ वर्षं वॉर्डात काढलीत आणि संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी हेही सांभाळलंत, म्हणून तुम्हालाच विचारतो."

तुझ्या आईच्या वयाची आहे मी, तेव्हा अहो-जाहो करत बसत नाही. न मोजलेल्या रीडिंगचं तुझं वाक्य वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. बाकीचं पुढे घेते, आधी हेच. तुझं आणि माझं दुखणं एकच निघालं.

आमच्या वेळी प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी एक बोर्ड लटकलेला असायचा. त्यावर टीपीआर चार्ट. म्हणजे ताप, नाडी, श्वास. रात्रपाळीला पहाटे चार वाजता फेरी मारायची. तोंडात थर्मामीटर, मनगटावर बोटं, नजर घड्याळावर. तापाला दोन मिनिटं, नाडीला पूर्ण एक मिनिट, श्वासाला आणखी एक. बेचाळीस पेशंट आणि सिस्टर मी एकटी. कर हिशेब. मग काय व्हायचं, ताप बहुतेकांचा घ्यायचे, नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे, आणि श्वास सगळ्यांचे वीस. टेबलाशी बसून बोर्डांची चळत पुढ्यात ओढायची आणि लिहीत सुटायचं, वीस, वीस, वीस. मीच नव्हे, आमची अख्खी बॅच हेच करायची. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस चालतो, त्यामुळे वीस लिहिलेलं कुणाला खटकत नाही. डॉक्टर विचारत नाहीत, मेट्रन विचारत नाही. तुमच्याकडेही टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या मर्यादेच्या, आतला आकडाच टाकत असाल ना?

१९८९ चा जानेवारी. दवाखान्याचं नाव नको, चूक माझी होती. दिंडोरीकडचे एक म्हातारे शेतकरी न्यूमोनियाने दाखल होते. द्राक्षाच्या बागेला रात्रीचं पाणी भरताना भिजले होते. थंडी अशी की खिडक्यांच्या फटीत आम्ही कागदाचे बोळे कोंबले होते. त्यांची सून पलंगाला टेकून चटईवर बसलेली. सकाळी राउंडला मोठे डॉक्टर आले, म्हाताऱ्यांच्या मनगटावर हात ठेवून त्यांच्या छातीकडे बघत मिनिटभर उभे राहिले आणि म्हणाले, "अडतीस." मग चार्ट उचलला. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत वीस, वीस, वीस. मला एक शब्द बोलले नाहीत. लाल पेनने शेवटच्या विसाखाली दोन रेघा ओढल्या, ऑक्सिजन लावायला सांगितला, इंजेक्शन बदललं आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

ते गेल्यावर सुनेने मला हळूच विचारलं, "सिस्टर, रात्री तुम्ही आमच्या बाबांकडं आलाच नव्हता ना?"

तिला वाचता येत नव्हतं. चार्टवर काय आहे हे तिला कळलेलं नव्हतं. ती फक्त जागी होती.

मी म्हणाले, "आले होते की. तुम्ही झोपल्या होतात."

"मी नव्हते झोपले," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, कुणाला बोलवलं नाही. म्हाताऱ्यांच्या पायावरून सरकलेलं घोंगडं तिने वर ओढलं, एवढंच.

खरं सांगायचं तर वीस लिहिल्याचं मला फारसं लागलं नाही. कामाचा बोजाच तेवढा होता, असं म्हणून मी ते झटकून टाकलं असतं. 'तुम्ही झोपल्या होतात' हे मात्र लागलं. रात्रभर सासऱ्याच्या उशाशी जागलेल्या बाईची जाग मी खोटी पाडली होती, ते माझा आकडा खरा ठरावा म्हणून.

मग रविवार आला. चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारस घ्यायचा विधी, होतं आणि मी गायकवृंदात. पांढरी साडी, केसात शेवंतीचं फूल, सगळं कसं छान. माझी रांग उठली आणि मला उठता येईना. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो ते तुला पाठच असेल: तू वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय. लहानपणापासून ऐकलेलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर' असं तिथे लिहिलेलंच नाही. माझं मन कुणाविरुद्ध नव्हतं. मी अगदी शांत, निर्मळ वगैरे होते. प्रश्न तिच्या मनाचा होता. मनात काय वाटतंय हे धरून स्वतःला तपासायची आपल्याला सवय लागलेली असते. या ओळीत मोजमाप समोरच्याच्या हातात दिलंय.

उपासना संपायच्या आत निघाले आणि सुट्टीच्या दिवशी साध्या साडीत वॉर्डात जाऊन उभी राहिले. सून होतीच. तिला म्हटलं, "त्या रात्री मी आले नव्हते. तुम्ही जाग्या होतात. मी खोटं बोलले." माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, तीही रडेल, काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "बरं. आता यांना पेज दिली तर चालेल का?"

एवढंच घडलं. क्षमा केली की नाही, मला आजवर माहीत नाही. म्हातारे बरे होऊन घरी गेले. इनचार्ज सिस्टरला मी लेखी दिलं, मला मेमो मिळाला, आणि खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. माझ्यामुळे सगळ्यांचेच चार्ट तपासले जाऊ लागले आणि बरोबरीच्या मुली महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. डब्याला मी एकटी. हे मुद्दाम सांगते, कारण व्यासपीठावरून साक्ष देणारे लोक हा भाग गाळतात. खरं वागलं की देव लगेच बढती देतो, असली साक्ष ऐकलीस तर टाळी वाजवायची घाई करू नकोस.

आता तुझ्या कामाचं बघू. पुढे मी बेचाळीस जणांचे श्वास मोजले का? नाही. जमण्यासारखं नव्हतंच. ज्यांची छाती भरलेली, जे नवीन दाखल झालेत, ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांचे मोजायचे, पूर्ण मिनिट. बाकीच्यांच्या रकान्यात आडवी रेघ. रेघ म्हणजे मोजलं नाही. इनचार्ज सिस्टर चिडल्या, "रकाना मोकळा दिसतो." मी म्हटलं, "मोकळाच आहे, सिस्टर." दोन-तीन महिने कटकट झाली, मग त्यांनीच रात्रपाळीसाठी कुणाचे मोजायचे याची यादी करून दिली. यादीत बारा-पंधरा जण असायचे. तेवढे जमत होते.

तू तुझ्या कारखान्यात रेघ मारायला शिक. वीस नग मोजायचे आहेत आणि वेळ पाचांचाच आहे, तर पाच मोज, पाचांचेच रीडिंग लिही, बाकीचे रकाने मोकळे सोड. साहेब विचारतील तेव्हा, "सर, माल न्यायला गाडी लागली होती, पाचच झाले," एवढंच सांग. बायबलमधलं वचन सांगू नकोस. मी ख्रिस्ती आहे म्हणून खोटं लिहिणार नाही, असंही म्हणू नकोस. त्यातून शेजारच्या टेबलावरच्याला उगाच खोटारडा ठरवल्यासारखं होतं, आणि उद्या तुझा पाय घसरला तर तुझ्याबरोबर येशूचंही नाव खराब होतं. तुझ्यावर घराचा हप्ता असेल, लेकरू लहान असेल. राजीनामा फेकून ये, असं मी सांगणार नाही. पण ब्रेकचा भाग असेल, ज्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे असं काही असेल, तर तिथे मात्र हप्त्याचा विचार मागे ठेव. तिथे न मोजता सही करायची नाही. कुठला भाग कुठे बसतो हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

श्वास मोजण्यात एक खुबी आहे, ती आता सांगते. पेशंटला सांगून श्वास मोजायचा नसतो. 'तुमचा श्वास मोजते हं' म्हटलं की माणूस लगेच सांभाळून घ्यायला लागतो. श्वास ही अशी गोष्ट आहे की तिच्याकडे बघितलं की ती बदलते. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची, त्याला वाटू द्यायचं की अजून नाडीच चाललीय, आणि डोळे गुपचूप छातीवर. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात.

विश्वासाचंही मला तसंच दिसतं. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींबद्दल एकच बजावतो, लोकांना दिसावं म्हणून करू नका. खोलीत जा, दार लाव. उपवास असेल तर तोंड धू, डोक्याला तेल लाव, कुणाला कळू देऊ नकोस. एरवी इतका सूट देणारा गुरू इथे एवढा कडक का होतो, याचं मला कोडं होतं. वॉर्डात सुटलं. बघणारं कुणी असलं की आपला श्वास बदलतो. रविवारी गिटार हातात असताना तू जो असतोस त्यावरून तुझं काही कळत नाही, मला नाही आणि तुलाही नाही. गिटार सोडू नकोस. फक्त ते रीडिंग धरू नकोस.

आपल्या नाशकात याचा एक दाखला आहे, आणि आपल्याच पोरांना तो माहीत नसतो. शरणपूर ही वसाहत १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने बसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे ठेवली, त्यांना अक्षरं शिकवली, सुतारकी-लोहारकी शिकवली. त्यातला एक जेकब वेनराइट. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या मुलखात वारला तेव्हा त्याच्या बरोबरच्या माणसांनी त्याचं काळीज तिथल्या झाडाखाली पुरलं. प्रेतविधीची प्रार्थना वाचली ती या शरणपूरच्या पोराने. मग देह वाळवून, कापडात गुंडाळून त्या सगळ्यांनी दीड हजार किलोमीटरच्या आसपास पायी वाहत समुद्रापर्यंत आणला. नऊ महिने लागले. तिथेच पुरून टाकलं असतं तर कोण विचारणार होतं? वाटेत मालक नव्हता, पगार देणारा नव्हता, बहुतेक वाटेवर बघणाराही कुणी नव्हता. शरणपूर रोडने जाताना मला लंडनमधल्या लिव्हिंगस्टनच्या थडग्यापेक्षा ते नऊ महिने आठवतात.

घरी चिडतोस म्हणालास. यावर मला उपदेश करायचा अधिकार नाही. वॉर्डात माझा आवाज कधी चढला नाही, सगळे म्हणायचे सिस्टर म्हणजे लोणी. घरी आले की भांडी आपटायचे. माझी मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा म्हणाली, "आई, घरी आल्यावर युनिफॉर्म काढत जाऊ नको ना." मला वाटलं, तिला पांढरी साडी आवडते. ती म्हणाली, "त्यात तू नीट बोलतेस." पुढे अनेक वर्षं मी बस स्टॉपवर उतरले की पाच मिनिटं तिथल्या कट्ट्यावर बसायचे आणि मगच घरी जायचे. प्रार्थना वगैरे नाही, नुसती बसायचे. डोक्यातला वॉर्ड खाली पडायला तेवढा वेळ लागतो. तुझी मोटारसायकल असेल तर सोसायटीच्या दारात गाडी बंद करून पाच मिनिटं बस. आणि चिडलास तर त्याच रात्री माफी माग, कारण न देता. 'सॉरी, पण तू पण...' यातली माफी 'पण'पाशी संपते.

बायकोबद्दल तू फक्त प्रसादाचं विचारलंस, पण त्याखाली दुसरा प्रश्न दिसतो. ती कधी चर्चला येईल, चर्चमधले लोक विचारतात, असं काहीतरी. लक्ष्मीबाई टिळक आपल्या इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कोसळल्या, वेगळ्या राहिल्या, पुढे परत नांदायला आल्या तरी सोवळं सांभाळून होत्या. पतीच्या मागे म्हणून त्या गेल्या नाहीत. जात देवाने केलेली नाही हे स्वतःच्या विचाराने पटलं, सोवळं सुटलं, आणि मग १९०० मध्ये स्वतःचा म्हणून बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं! नवरा कवी, बोलण्यात असा पटाईत, तरी त्या बोलण्याने ते झालं नाही. तुझी बायको येईल किंवा येणार नाही. तिला घाई करू नकोस आणि कुणाला करूही देऊ नकोस. बायबलमधला प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला स्पष्ट लिहितो की विश्वास न ठेवणारी बायको राजीखुशीने नांदत असेल तर नवऱ्याने तिला सोडू नये. लोक नाराज होतात, होऊ देत.

प्रसादाचं माझं तुला सांगते, तुझं तू ठरव. मी प्रसाद घेते. आरती चालू असताना उभी राहते, हात जोडते, आरतीचं ताट ओवाळत नाही. माझी धाकटी बहीण प्रसाद घेत नाही, नम्रपणे "मला चालत नाही" म्हणते आणि तिच्या शेजारणींना त्यात काही वाटत नाही, कारण त्यांच्या अडीअडचणीला पहिली तीच धावते. पौलाच्या काळी मूर्तीला वाहिलेल्या मांसावरून हाच वाद होता. त्याचं म्हणणं असं की मूर्तीला काही शक्ती नाही हे कळलेल्याने खाल्लं तर बिघडत नाही, पण ज्याचं मन खातं त्याने खाऊ नये, आणि खाणाऱ्याने न खाणाऱ्याला कमी लेखू नये. सासूबाईंनी पहाटे उठून केलेला शिरा तू तोंड वाकडं करून नाकारलास तर त्यात येशूचा गौरव कुठला, मला तरी समजत नाही. पण तुझं मन खरोखर टोचत असेल तर घेऊ नकोस. मग मात्र जेवणानंतर भांडी घास. 'तत्त्वाचा' जावई नुसता गादीवर बसलेला बरा दिसत नाही.

यावरून माझ्यावरही एकदा बोल आला होता. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थाची पर्वणी होती. रामकुंडाच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. सुट्ट्या रद्द, सगळ्यांना बोलावणं. माझ्याकडे एक परप्रांतातली म्हातारी होती, बरगड्या मोडलेल्या, भाषा मला अर्धी कळायची. बरोबरची माणसं सापडत नव्हती. ती एकच मागत होती, गंगा. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, तुला माहीत आहे. एवढ्या लांबून आली आणि कुंडापर्यंत पोचलीच नव्हती. पलीकडच्या पलंगापाशी एका यात्रेकरूकडे गोदावरीच्या पाण्याची प्लॅस्टिकची बाटली होती. ते कच्चं पाणी पोटात द्यायला मी नर्स म्हणून तयार नव्हते. बोटं बुडवली, तिच्या कपाळाला लावली, ओठांवरून फिरवली. तिने डोळे मिटले, माझं मनगट घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

हे चर्चमधल्या एका भावांच्या कानावर गेलं. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मूर्तिपूजेला हातभार लावलात. त्या वेळी तिला येशूचं नाव सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "जिला कूसही बदलता येत नाही तिला मी काय ऐकवायचं? नको म्हणायची तिच्यात ताकद होती का?" पलंगावर पडलेल्या माणसाला धर्म सांगायचा नाही, हा माझा नोकरीभरचा नियम होता. कुणी आपणहून म्हणालं, "सिस्टर, आमच्यासाठी प्रार्थना करा," तर केली, थोडक्यात, त्याच्या कानात. म्हणणारे पुष्कळ असायचे. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जाणाऱ्यांत बिगरख्रिस्ती किती असतात, तू बघितलंच असशील. पण आपणहून सुरुवात मी केली नाही. त्या भावांना माझं पटलं नाही. वीस वर्षं उलटली, अजून आम्ही एकाच बाकावर बसतो आणि त्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या मीच आणून देते.

राहिली प्रार्थना. काही हलत नाही म्हणालास. बाळा, माझंही बहुतेक दिवस हलत नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा कळलं की या बाईला कित्येक वर्षं आत नुसता अंधार जाणवत होता, आणि तरी रोज पहाटे उठून ती प्रार्थनेला बसत होती. ते वाचून पुष्कळांना धक्का बसला. मला उलट हायसं वाटलं.

मी काय करते ते सांगते. आम्हा नर्सेसमध्ये 'ओव्हर देणं' असतं. पाळी संपली की घरी पळायचं नाही. पुढच्या सिस्टरला पलंगापलंगाने सांगायचं, याचं सलाईन दहाला संपेल, याने जेवण टाकलं, याचं ड्रेसिंग माझ्याकडून राहिलं. राहिलं ते राहिलं असंच सांगायचं, लपवलं तर पेशंटला भोवतं. रात्री अंथरुणावर बसून मी देवाला ओव्हर देते. आज कोण कोण भेटलं, कुणाचं काय राहिलं, कुठे न मोजता लिहिलं. 'मी पापी आहे' असलं ढोबळ काही म्हणत नाही, ते फार सोपं असतं. 'भाजीवालीशी पाच रुपयांवरून तुटून बोलले' असं म्हणते. मग उद्या लक्ष ठेवायचं असेल त्याचं नाव घेते. आणि शेवटी, आता ड्यूटी तुझी, मी झोपते. सहा-सात मिनिटं लागतात. यात काही वाटावं लागत नाही, ओव्हर देताना कुणाला काय वाटतं? पण रोज दिली की एकच नाव पुन्हा पुन्हा 'राहिलं'मध्ये येतं आणि मग लाजून तरी आपण त्याच्याकडे जातो.

येशूच्या चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या प्रवाशाच्या, गोष्टीत हेच दिसतं बघ. जखमांवर तेल-द्राक्षारस ओतला इथवर सगळे ऐकतात. मला पुढचं आवडतं. रात्रभर त्याने स्वतः बघितलं, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, याची काळजी घे म्हणाला, जास्त खर्च आला तर परतताना देईन म्हणाला. म्हणजे रात्रपाळी केली, ओव्हर दिली आणि आपल्या कामाला गेला. तिथेच ठाण मांडून बसला नाही. त्याचंही काही काम होतं, घर होतं.

पैशाचं तू विचारलं नाहीस, एकच सांगते. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला देत असशील तर उत्तमच, पण तो पाकिटात घालायच्या आधी घरकामाच्या मावशींचा पगार गेलाय का बघ. तारखेला.

आणि तू खाली अगदी लहान अक्षरात विचारलंस, महिन्यातून दोनदा रविवारी सकाळी रात्रपाळी सुटते तेव्हा उपासनेला जायचं की झोपायचं? जा. कारखान्याच्या कपड्यांतच जा, आंघोळीला घरी गेलास की संपलं. मागच्या बाजूला खांबाला लागून असलेला बाक धर, तिथे पंखा बरा लागतो आणि खांबाआड पाळकांना दिसत नाही. उपदेशात डोळा लागेल. मी कित्येक उपदेश तिथे झोपून काढलेत. प्रभुभोजनाला उठव म्हणून शेजारच्या माणसाला आधी सांगून ठेव.